मदत हवी आहे : लंडनमध्ये आईला छुसॉक हा कोरियन सण कुठे आणि कसा दाखवावा?

नमस्कार. मी उत्तर लंडनमध्ये राहते. माझी आई (वय ७२) गौरी-गणपती उरकून यंदा २१ सप्टेंबरला मिरजेहून इथे येत आहे आणि दिवाळीपर्यंत राहणार आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून तिने हिंदीत भाषांतरित झालेल्या कोरियन मालिका एकामागून एक पाहिल्या आहेत. त्यांपैकी एका मालिकेत घरातली मंडळी सणाच्या सकाळी पूर्वजांसाठी अन्नाने भरलेले मेज मांडून त्यापुढे वाकून नमस्कार करतात, असा प्रसंग होता. तो पाहून तिने लगेच मला फोन केला आणि म्हणाली, "अगं, हे तर पितरांचं पान!" लंडनमध्ये कोरियन लोकांची मोठी वस्ती आहे हे मी सांगितल्यापासून तिचा एकच आग्रह आहे, की हा सण एकदा जवळून पाहायचा.

मी थोडी माहिती काढली आहे. छुसॉक त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी असतो, त्यामुळे बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२३ मध्ये तो २९ सप्टेंबरला, म्हणजे नेमका भाद्रपद पौर्णिमेला होता. २०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना आल्यामुळे तो ६ ऑक्टोबरला गेला आणि कोजागिरीच्या दिवशी पडला. यंदा तो शुक्रवारी, २५ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीला आहे, आणि लगेच पुढे आपला पितृपक्ष सुरू होतो. बाबांच्या श्राद्धाच्या दिवसांत आई इथे परक्या गावात असेल, म्हणून हा योग मला फार मोलाचा वाटतो.

मागच्या वर्षी मी एका 'कोरियन उत्सवा'ला गेले होते (आयोजकांचे नाव घेत नाही). तिथे पॉप गाण्यांवरच्या नाचाच्या स्पर्धा होत्या आणि हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख अंगावर चढवून छायाचित्र काढण्यासाठी दीड तासाची रांग होती. तरुण मुले आनंदात होती आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण आईचे गुडघे दुखतात, तिला इतका वेळ उभे राहता येणार नाही आणि तिला जे पाहायचे आहे ते तिथे नव्हते. त्या दिवशी परतताना न्यू मॉल्डन या इथल्या कोरियन वस्तीतल्या एका दुकानात मला सोंगप्योन, म्हणजे या सणाची तांदळाच्या पिठाची वाफवलेली मिठाई, मिळाली. पांढरी, फिकट हिरवी आणि गुलाबी, अर्ध्या चंद्रासारखी, करंजीच्या अर्ध्या आकाराची, वरून तिळाच्या तेलाने चकाकणारी, आणि एकीच्या बुडाशी पाइनची एक हिरवी सुई चिकटलेली. आत तीळ आणि साखरेचे सारण होते. छायाचित्र पाठवल्यावर आईने विचारले, "उकड काढतात का पीठ तसंच भिजवतात?" मला उत्तर देता आले नाही.

तर कृपया सांगावे, की पूर्वजांची ती पूजा बाहेरच्या माणसाला पाहता येईल अशी कुठे होते का? सोंगप्योन करायला शिकवणारा, बसून करता येईल असा एखादा कार्यक्रम असतो का? आणि आई अंडेही खात नाही, तिला त्या वस्तीत काय खाता येईल?

प्रतिसाद

ताई, मी अकरा वर्षे न्यू मॉल्डनमध्ये राहतो आणि आमच्या शेजारचे कुटुंब कोरियन आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्या विधीला छार्ये म्हणतात आणि तो घरातल्या घरात, सणाच्या सकाळी होतो. आपण जसे कुणाच्या घरचे श्राद्ध पाहायला जात नाही, तसेच ते समजावे. मात्र आईंना सांगण्यासारखे बरेच आहे. नव्या हंगामाचा तांदूळ, सोंगप्योन, फळे हे सारे ठरलेल्या क्रमाने मांडतात, लाल फळे पूर्वेला आणि पांढरी पश्चिमेला. लसूण आणि लाल मिरची त्या मेजावर चालत नाही, आणि पीचही ठेवत नाहीत, कारण त्याने पितर दूर पळतात अशी समजूत आहे. कांदा-लसणाशिवाय श्राद्धाचा स्वयंपाक ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पिठाविषयी : तांदूळ भिजवून दळतात आणि त्या पिठीत उकळते पाणी घालून गरम असतानाच मळतात. म्हणजे आपल्यासारखी भांड्यात उकड काढत नाहीत, पण हाताला लागते ती तशीच. मग पाइनच्या सुयांच्या थरावर वाफवतात. सणाच्या दिवशी दुकानांत फार गर्दी होते, म्हणून बुधवारी किंवा गुरुवारी सकाळीच या. वॉटर्लूहून गाडीने साधारण २५ मिनिटे लागतात आणि स्थानकापासून हाय स्ट्रीट जवळच आहे. दुकानातल्या वयस्क बायकांशी आईंनी मराठीत बोलले तरी चालेल, हातवाऱ्यांनी अर्धी कृती समजते हे मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिले आहे. इथे उत्तर कोरियातून आलेली कुटुंबेही बरीच आहेत. त्यांना आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत कापायला या सणात गावी जाता येत नाही, हे ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

बसून करण्याच्या कार्यक्रमांसाठी ट्रॅफल्गार चौकाजवळच्या कोरियन सांस्कृतिक केंद्राच्या सूचनांवर लक्ष ठेवा. हे केंद्र २००८ पासून आहे. शुक्रवारी इथे सुट्टी नसल्यामुळे सणाचे सार्वजनिक कार्यक्रम बहुधा मागच्या किंवा पुढच्या शनिवार-रविवारी होतात, हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरमध्ये चित्रपट महोत्सव असतो, पण त्यात खाली इंग्रजी अक्षरे वाचावी लागतात, त्यामुळे मी आईंसाठी पानसोरी सुचवेन. एक गायक किंवा गायिका, हाती पंखा, शेजारी एक ढोलवादक, आणि थोडे गद्य, थोडे गाणे अशी तासन्‌तास चालणारी कथा. श्रोते मध्येच मोठ्याने दाद देतात आणि ती दाद हा गाण्याचाच भाग मानतात. कीर्तन ऐकलेल्या माणसाला शब्द कळले नाहीत तरी चालते. शरद ऋतूत कोरियन संगीताचा महोत्सवही होतो, त्याची पत्रिका आली की त्यात शोधा.

खाण्याच्या बाबतीत सावध राहावे लागेल. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, बहुधा माशांचा किंवा कोळंबीचा खारवलेला रस असतो आणि साध्या भाजीच्या सूपचे पाणीही वाळवलेल्या छोट्या माशांचे असते. 'म्यॉलछी' (म्हणजे हेच छोटे मासे) आहे का, असे विचारा, म्हणजे त्यांना लगेच समजते. मांस आणि अंडे वगळून बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) मिळतो, पण त्याचा तिखट लेपही विचारून घ्या. सोंगप्योन मात्र बिनघोर खाता येतात.

आणखी एक. ब्रिटिश म्युझियमच्या ६७ क्रमांकाच्या दालनात एक मोठा पांढरा गोल रांजण आहे, त्याला चंद्ररांजण म्हणतात. दोन वाडगे तोंडाला तोंड लावून तो घडवला आहे आणि पोटावरचा सांधा नीट पाहिला तर दिसतो. बर्नार्ड लीच या कुंभाराने तो १९३५ मध्ये सोलमधून विकत आणला होता. तिथे रांग नसते.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. छार्ये पाहायला मिळणार नाही याचे तिला वाईट वाटले नाही, "बरोबर आहे, ते घरातलंच असतं" एवढेच ती म्हणाली. गुरुवारी, २४ तारखेला सकाळी आम्ही न्यू मॉल्डनला येऊ. तिने येताना मिरजेहून तांदळाची पिठी आणायचे ठरवले आहे. आता एकच विचारते : पाइनच्या खाण्यायोग्य, फवारणी न केलेल्या सुया तिथल्या दुकानांत विकत मिळतात का, की वाफवताना दुसरे काही खाली घातले तरी चालते?