कॅसेटनं खाल्लेली शिट्टी : तुमच्याही आठवणी लिहा

काल बेळगावच्या खडेबाजारात रिक्षात बसणार, तेवढ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरानं शिट्टी वाजवली. स्कॉर्पियन्स या जर्मन बँडचं 'विंड ऑफ चेंज'! रिक्षा सोडली नि तिथंच उभा राहिलो.

1992 साली मामानं गोव्याहून ती कॅसेट आणलेली. आमच्या टेपनं आठवड्यात सुरुवातीची शिट्टीच खाल्ली. चुरगळलेला तुकडा कापला, सेलोटेपनं जोडला, पेन्सिलीनं फिरवून आत घेतला. पुढं गाणं थेट शब्दांवरच सुरू. मग शेजारचा कन्नड दोस्त यायचा, "हाड हच्चो!" म्हणायचा (म्हणजे गाणं लाव; आमची आजी दारात कुत्रं बघायची). तो गेलेली शिट्टी तोंडानं पुरी करायचा, की मी बटण दाबायचो. इंग्रजी दोघांनाही शून्य. एक नोव्हेंबरला, कर्नाटक झालं त्या दिवशी, आमच्या मराठी घरात काळा दिन, त्यांच्यात राज्योत्सव. संध्याकाळी परत शिट्टी.

तुम्हाला त्या गाण्यात काय सापडलं?

खानापूरकर: बर्लिनची भिंत पडली त्याचं गाणं ना हे?

टिळकवाडीची ताई: नाही हो दादा, सगळे तेच समजतात. ऑगस्ट 1989 मध्ये मॉस्कोत शांततेसाठी रॉकचा मोठा जलसा झाला, तिथून सुचलं बँडचा गायक क्लाउस माइनला. भिंत नोव्हेंबरात पडली. म्हणून तर गाण्यात मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्क आहे. बंदोबस्ताचे सोव्हिएत सैनिकसुद्धा वळून गाणी ऐकायला लागले, असं तो सांगतो. कुकर झाला, आले.

अनगोळ १२: आपल्याकडं बंदोबस्तवाले वळतात ते दुसऱ्या कारणानं 😄

निपाणीची सून: आमच्यात रात्री शिट्टी वाजवली की साप येतो म्हणून सासूबाई ओरडायच्या. गाणं ऐकलेलं नाही खरं ऐकते आता.

जुना पोस्टमन: शांतता म्हटलं की मला गणपतीआधीची शांतता समितीची बैठकच आठवते. दोन बिस्किटं, अर्धा कप चहा, नि सगळे एकाच वेळी बोलालेत.

अनगोळ १२: काका 😂😂

टिळकवाडीची ताई: परत आले. 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटल्यावर माइननं स्टेजवर सुरुवातीच्या ओळीच बदलल्या. मॉस्कोचं कौतुक आता गाववेना म्हणाला. मला ते वाचून कसंतरीच झालं. तेहतीस वर्षांनी आपलंच गाणं दुरुस्त करायचं.

खानापूरकर: शिट्टी ठेवली ना पण?

टिळकवाडीची ताई: ठेवली की.

निपाणीची सून: ऐकलं. शिट्टी चांगली आहे, पुढं फार ओरडतोय. बेळगावास्नं कोण येणार असेल तर अर्धा किलो कुंदा आणा, पैसे देते.

खानापूरकर: रविवारी येतोय मावशी. साधा की खव्याचा जास्त भाजलेला?

धागाकर्ता: त्या दोस्ताला आत्ता फोन लावला. धारवाडात असतो. ओळखलं, मग म्हणाला थांब, आणि शिट्टी वाजवायला गेला तर नुसती हवा. पुढचे दोन दात काढलेत म्हणे. हसून हसून फोनच कट झाला.

निपाणीची सून: जास्त भाजलेला.