प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आलो आणि आता मनच लागत नाही... घर बांधताना तुम्ही धीर कसा धरला? (इंदूर)

राऊ_वाला_प्लॉट
नमस्कार मंडळी, इंदूरच्या लोकांनी जरूर लिहा पण बाकीच्यांनीही लिहा. सुदामा नगरात भाड्याने राहतो, राऊच्या पुढे बाबांनी फार पूर्वी घेऊन ठेवलेला प्लॉट होता तिथे मकान काढलंय. तुळशीचं लग्न झाल्यावर भूमिपूजन केलं, तेव्हा घरात एवढा उत्साह की बायको रोज रात्री नक्शा उघडून बसायची. मग पाया खोदायला लागलो तर काळी माती संपेचना, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं आणि पायाचं बजेट तिथेच पार झालं. कशीबशी प्लिंथ झाली, कॉलमचे सरिये (लोखंडी सळया) उभे राहिले आणि होळीच्या आधी सगळे मजूर भगोरियाला, म्हणजे त्यांच्या सणाच्या हाटाला, गावी गेले, रंगपंचमी होऊन गेली तरी अर्धेच परत आलेत. बँकेचा पुढचा हप्ता अजून पास व्हायचाय, इकडे भाडं आणि तिकडे व्याज दोन्ही चालू. आता साईटवर जायचीच इच्छा होत नाही. बायको विचारते आज काय झालं, मी म्हणतो काही नाही, आणि तिथून भांडण सुरू. "घर पाहावं बांधून" हे सगळ्या नातेवाईकांनी ऐकवून झालंय, मला खरंच जाणून घ्यायचंय की तुम्ही लोकांनी अशा वेळी काय केलं, मन परत कसं लागलं कामात?

सिव्हिल_काका_रामबाग
बाळा, आधी एक सांगतो, तुझा जो पैसा काळ्या मातीत गेला ना तो घराच्या सगळ्यात कामाच्या जागी गेलाय. आपली माळव्याची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते, तिच्यावर उथळ पाया ठेवला की दोन-चार पावसाळ्यांत भिंतीत तिरप्या चिरा, दरवाजे अडकायला लागतात आणि मग वरून कितीही पुट्टी लावा. या मातीसाठीच रुरकीच्या सीबीआरआयने (सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने) अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर केलेला खांबासारखा पाया, काढली, साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण त्याखाली ओल फारशी बदलत नाही. तू मुरूम लागेपर्यंत गेलास, उत्तम केलंस. हा खर्च कोणाला दिसत नाही, बघायला येणारा पाहुणा कधीच म्हणणार नाही की वा काय पाया आहे, म्हणून तुला वाटतं पैसे गेले आणि झालं काहीच नाही.

दुसरं, काम थांबलं की लोक घाबरतात, पण घराच्या कामात काही थांबणं हेच काम असतं. प्लिंथच्या आत भरलेली माती थरा-थराने पाणी मारून बसू दे, जेवढी बसेल तेवढी पुढे फरशी खचणार नाही. पुढे स्लॅब ओतशील तेव्हाही हेच. आयएस ४५६ (कॉंक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस तराई, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल किंवा हवा गरम-कोरडी असेल तर १०, आणि एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या उन्हात मी तर १४ च सांगतो. कॉंक्रीटची पूर्ण ताकद आपण २८ दिवसांची धरतो. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४, बीमखालचे १४ आणि बीम सहा मीटरच्या वर असेल तर २१. सेंट्रिंगवाल्याचं (टेकू-फळ्या लावणाऱ्याचं) भाडं रोज चढतं म्हणून तो घाई करणार, तू करू नकोस. त्या दिवसांत साईटवर एक माणूस पाणी मारताना दिसेल बाकी काही नाही, आणि तरी तुझं घर त्याच दिवसांत पक्कं होत असतं. हे एकदा डोक्यात बसलं की रिकामी साईट बघून जीव कासावीस होत नाही, माझ्याकडे आलेल्या कितीतरी मालकांचं मी हे पाहिलंय.

पाणी मात्र आत्ताच बघ, तुमच्या बाजूच्या बोरिंग उन्हाळ्यात उतरतात, टँकरचं आधी ठरवून ठेव.

लोकमान्यनगर_ताई
काकांनी छान लिहिलंय, मी घरातल्या बाजूचं लिहिते कारण आमचंही असंच व्हायचं. दादा, "आज काय झालं" हा प्रश्न वहिनी काळजीने विचारतात हो, त्यांना घरी बसून काहीच दिसत नाही ना, आणि तुम्हाला तो हिशेब मागितल्यासारखा लागतो. आम्ही कामं वाटून घेतली होती, बँक आणि पैसे ह्यांच्याकडे आणि मिस्त्री, प्लंबर, लाईटवाला माझ्याकडे, मग कोणी कोणाला विचारायचंच नाही, दोघंही सांगायचे. वहिनींना साईटवर न्या, नुसतं बघायला नाही, त्यांच्यावर काहीतरी सोपवा. आणि रात्री जेवणानंतर घराचा विषय बंद, हा नियम आमच्या सासूबाईंनी केला आणि खरं सांगते त्यानेच आम्ही तरलो.

एक वही ठेवा. तारीख, किती माणसं आली, किती गोण्या लागल्या, कोणाला किती दिले, आणि फोटो. सरिया बांधल्यावर कॉंक्रीट पडायच्या आधीचा फोटो, पाईप आणि वायरिंगच्या नळ्या प्लास्टरखाली जायच्या आधीचा फोटो टेप धरून. पुढे भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी ते फोटो उपयोगी पडतात, आणि मन उदास असलं की वही मागून उलटत यायची, तेव्हा कळतं किती काम झालंय. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही.

भगोरियाबद्दल मनात राग ठेवू नका. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडच्या माणसांचा तो वर्षाचा सण आहे, होळीच्या आधीचे हाट, तिथे ते जाणारच, आपण दिवाळीला घरी जातो तसेच. पुढे पावसाच्या तोंडावर पेरणीला परत जातील तेही आत्ताच धरून चाला. आम्ही ठेकेदाराला विचारून कॅलेंडरवर लिहूनच ठेवलं होतं, मग माणसं गेली की धक्का बसत नाही, त्या दिवसांत आम्ही घरात बसून ठरवायची कामं करायचो. दरवाजाच्या चौखटी आत्ताच बनवायला टाका, विटांचं काम सुरू झालं की लगेच लागतात. किचनचा ओटा कुठल्या भिंतीला, फ्रिजचा पॉईंट कुठे, गिझर कुठे, इन्व्हर्टर कुठे, हे सगळं लाईटवाला यायच्या आत कागदावर पाहिजे. वहिनी नक्शा घेऊन बसायच्या म्हणता ना, मग हे काम त्यांचंच.

हिशेबी_माणूस
मी थोडं वेगळं बोलतो, वाईट वाटू देऊ नका. मला नाही वाटत तुमचा प्रश्न मनाचा आहे, तुमचा प्रश्न पैशाचा आहे आणि मन त्याच्या मागे मागे जातंय. कितीही वही लिहा, हप्ता कधी येणार आणि कितीला पुरणार हे माहीत नसेल तर झोप लागणार नाही. म्हणून आधी एस्टिमेट नव्याने काढा. जुनं २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं असेल तर सिमेंटवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे, तेवढं तरी हलकं होईल. मग नक्श्यात काय आत्ता लागतं आणि काय नंतर चालेल ते निर्दयपणे वेगळं करा. खालचा एक हॉल, किचन, एक बेडरूम, एक टॉयलेट, बस. वरचा मजला, कंपाऊंडची सजावट, फॉल्स सीलिंग, एलिव्हेशन (दर्शनी बाजूची सजावट), सगळं नंतर. राहायला गेलात की भाडं थांबतं आणि तेच पैसे पुढच्या कामाला लागतात. आमच्या ओळखीत कितीतरी लोक बाहेरून प्लास्टर नसलेल्या घरात राहायला गेले आणि दोन-तीन वर्षांत सावकाश सगळं केलं, कोणाचं काही अडलं नाही. काही झालं तरी पर्सनल लोन घेऊन टाईल्स लावू नका.

बँकेचा पुढचा हप्ता त्यांचा माणूस येऊन काम बघितल्यावरच सुटतो, तर त्याला स्वतः फोन करून बोलवा, वाट बघत बसू नका. आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर व्याजाची दोन लाखांपर्यंतची सूट मिळायला लोन घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं, नाहीतर ती ३० हजारांवर येते. म्हणजे थांबायला वेळ आहे पण तो संपतोही.

लोकमान्यनगर_ताई
हिशेबी दादांचं पटतंय, पण पैशाचं गणित नीट असूनही भांडणं होतात हो, मी पाहिलंय. दोन्ही लागतं.

राऊ_वाला_प्लॉट
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बायकोला घेऊन बसलो, तुमचे रिप्लाय दोघांनी मिळून वाचले. वरचा मजला सध्या काढून टाकला, फक्त जिना आणि वरचे कॉलमचे सरिये सोडायचे असं ठरलं, चौखटी आणि लाईटचे पॉईंट तिच्याकडे. बँकेच्या इंजिनिअरशी बोलणं झालं, तो येतोय बघायला. ताई, भगोरियाचं खरंच पटलं, ठेकेदाराकडून पेरणीच्या तारखा पण घेतल्या. पाया दिसत नाही पण पैसा तिथेच आहे, हे बाबांना वाचून दाखवलं, त्यांना फार बरं वाटलं, कारण प्लॉट त्यांनीच घेतला होता आणि मातीवरून ते स्वतःला दोष देत होते.

काका, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. उभ्या सरियांवर गंज दिसायला लागलाय, चालेल का? आणि सिमेंटच्या काही गोण्या शेडमध्ये जानेवारीपासून पडून आहेत.

सिव्हिल_काका_रामबाग
हलका तांबूस रंग आलाय तर काळजी नाही, पण पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने घासून काढ. काम अजून लांबणार असेल तर सिमेंटचं पातळ घोळ करून सरियांना लावून ठेव, पुढचं काम सुरू करताना ते ब्रशने उतरव म्हणजे कॉंक्रीट नीट धरेल. वर जे कॉलम सोडशील त्यांनाही हेच कर, त्यांना तर पावसाळे काढायचेत.

सिमेंट तीन महिन्यांच्या वर गेलं की ताकद उतरायला लागते. गोण्या जमिनीवर असतील तर आजच फळ्यांवर घे, भिंतीपासून फूटभर लांब, वर ताडपत्री. गोणी उघडून हात घाल, गार आणि मऊ लागलं, गाठी नसल्या तर वापर, पण कॉलम आणि स्लॅबला नको, विटांच्या कामात आणि प्लास्टरमध्ये संपव. गाठी बोटाने फुटत नसतील तर ती गोणी बाजूला टाक. स्लॅबसाठी ताजं सिमेंट, गोणीवर आठवडा-वर्ष छापलेलं असतं ते बघून घे.

आणि बँकेचा माणूस यायच्या आधी साईट झाडून घे, प्लिंथच्या आत पाणी मारून ठेव, कॉलमचे फोटो जवळ असू दे.