वर उघडणाऱ्या छपराची कॅम्पर: आईला झेपेल का?

स्टुटगार्टकर:
सेकंडहँड फोक्सवॅगन कॅलिफोर्निया बघतोय, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन. टी ६.१ मॉडेल, ‘ओशन’ प्रकार. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक, आणि जूनमध्ये सांगलीहून आई येतेय. तिला गुडघ्यांचा त्रास. जाहिरातीत ‘४ झोपू शकतात’ म्हटलंय. खरंच झोपतात का? उंची १.९९ मीटर, म्हणजे आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बसेल, म्हणून जास्त मोह होतोय.

भटकी_वहिनी:
आमच्याकडे हीच आहे, तीन वर्षं झाली. चौघं झोपतात, पण आईंना वर, छपरातल्या बिछान्यावर चढवू नका. शिडी नाही, पुढच्या सीटवर पाय देऊन चढायचं. वर तुम्ही दोघं, खाली आजी-नात. वरचा बिछाना साधारण १.२० मीटर रुंद, खालचा त्याहून थोडा कमी. लेक लाथा मारत असेल तर आजींना आधीच सांगून ठेवा.

संडास नाही, हे मात्र आईंना आत्ताच सांगा. आम्ही पोर्टेबल ठेवतो, पण खालचा बिछाना उघडल्यावर ते ठेवायला जेमतेम ओट्यापुढची चिंचोळी पट्टी उरते. म्हणून कॅम्पसाइटवर बाथरूमजवळचीच जागा मागते.

दोन बर्नर आहेत, चहा-पोहे निवांत होतात. फोडणी मात्र बाहेर. एकदा आत मोहरी तडतडवली, तर वरच्या गादीला आठवडाभर हिंगाचा वास. फ्रिज ४२ लिटरचा, झाकण वरून उघडतं, त्यामुळे दूध नेमकं तळाशी.

आणि तळघराचं म्हणाल तर तिथेच गोम आहे. छपराच्या बाजू कापडी. बोडनझे तलावाकाठी रात्रभर पाऊस, सकाळी घाईत ओलंच छप्पर मिटलं आणि चार दिवस तसंच राहिलं. उघडलं तर शिवणीवर काळे ठिपके, आणि वास असा की न वाळलेल्या गोधडीचा. आता घरी आलं की सामान उतरवायच्या आधी छप्पर वर. तुमच्या तळघरात ते वर जाणार कुठे?

गॅसवाला:
वहिनींना अनुमोदन. ओशनचं छप्पर बटणावर चालतं, पण मिटताना एखादी खिडकी किंवा दार उघडं ठेवा. नाहीतर आतली हवा अडकून कापड फुगतं आणि कडेला चिमटतं. मिटल्यावर खाली उतरून चहूबाजूंनी बघा. गॅसचा कॉक निघण्यापूर्वी बंद. आणि वर सायकली लावल्या की १.९९ विसरा.

स्टुटगार्टकर:
टेप घेऊन मोजून आलो. तळघरात २.०५ आहे. गाडी जाईल, छप्पर नाही. शेजारच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रविवारी तासभर उघडून वाळवलं तर चालतं का?

भटकी_वहिनी:
मालकाला विचारून घ्या. आणि तासभर पुरत नाही हो, ऊन असलं तरी दुपार जाते. आजींना खुर्ची द्या, दोन खुर्च्या मागच्या दारातच असतात.