भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची) केबल पंचायत घरापर्यंत आली. पुढे वाड्यांवर न्यायला पैसा कुठला आणि परवानगी कुणाची?

सत्तरीकर
सत्तरीतल्या एका पंचायतीचा प्रश्न आहे. भारतनेटची केबल पंचायत घरात पोचलेली आहे, भिंतीवर पेटीही आहे. उन्हाळ्यात चालतं, पण पाऊस सुरू झाला की यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत भरवसा नसतो. तालुक्याच्या एक्स्चेंजपासून इथपर्यंत केबलच्या मापाने साधारण १८ किलोमीटर, वाटेत चार फाट्यांचा एक स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश वाटून देणारा भाग). पंचायत घरापासून ३ किलोमीटरवर दोन वाडे (वस्त्या), मिळून साठेक घरं. मध्ये कुळागरं (पोफळीच्या बागा), काजूची बागायत आणि साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) रस्ता.
वाड्यांपर्यंतचा खर्च केंद्राच्या निधीतून होतो का? पंचायत आपले पैसे घालू शकते का? आणि याच केबलवर साठ घरं चालतील का? येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे.

नियमवाचक
सत्तरीकरबाब, आधी पैशाची वाट बघा, म्हणजे ठराव कुणाच्या नावे लिहायचा ते ठरेल. मोबाईल कंपन्या समायोजित सकल महसुलाच्या (शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नाच्या) ८ टक्के परवाना शुल्क भरतात, त्यातले ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी, म्हणजे खेड्यापाड्यांत दूरसंचार पोचवायला. या निधीला २००३ च्या दुरुस्तीने कायद्याचा आधार मिळाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. वसूल झालेली रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेने मंजूर केल्यावरच खर्चायला मिळते. निधी पंचायतीला पैसे देत नाही, काम करणाऱ्या यंत्रणेला देतो. म्हणून ‘आमच्या पंचायतीला निधी द्यावा’ असा ठराव केला तर तो फायलीत पडून राहील.

भारतनेट योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पहिल्या टप्प्यात केबल किती पंचायतींना पोचली हे मोजलं गेलं. ती वर्षातले किती दिवस चालते याला तेवढं वजन नव्हतं. जाळंही बहुतेक ठिकाणी एका रेषेत, त्यामुळे मध्ये कुठे जेसीबीचा दात लागला की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये (१,३९,५७९ कोटी रुपये) हे बदललं. पंचायती रिंगमध्ये (वर्तुळात, म्हणजे एकीकडे तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालतं) जोडायच्या, पंचायतीत राउटर बसवायचा, दहा वर्षांची देखभाल कामातच धरायची, आणि प्रकल्प व्यवस्थापन बीएसएनएलकडे. देखभालीचे पैसे आता योजनेतच आहेत, तेव्हा ‘बिघाड दुरुस्तीला तरतूद नाही’ हे उत्तर पंचायतीने मान्य करू नये.

आता गोव्यातली खरी अडचण. योजनेत पंचायत मुख्यालय नसलेली सुमारे ३.८ लाख गावं ‘मागणीनुसार’ जोडायची आहेत. पण तिथे गाव म्हणजे महसुली गाव, आणि आपला वाडा बहुतेक वेळा स्वतंत्र महसुली गाव नसतो. तुमचे दोन वाडे ज्या गावात पंचायत घर आहे त्याच गावाचे असतील, तर ‘मागणीनुसार गाव’ या सदरात ते बसत नाहीत, कारण कागदावर ते गाव आधीच जोडलेलं आहे. मग दुसरं सदर धरायचं. याच कार्यक्रमात १.५ कोटी ग्रामीण घरजोडण्यांचं उद्दिष्ट आहे, त्या भारतनेट उद्यमींमार्फत (गावात जोडण्या देणाऱ्या स्थानिक उद्योजकांमार्फत) द्यायच्या आहेत. ठरावाआधी तलाठ्याकडून वाडे कोणत्या महसुली गावात मोडतात ते लेखी घ्या. एवढ्या एका कागदावर सगळं अवलंबून आहे.

पंचायतीच्या पैशाबद्दल: पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित होतं, पाणी आणि स्वच्छतेसाठी, त्याला हात लावता येत नव्हता. ४० टक्के अबंधित होतं, स्थानिक गरजेसाठी, फक्त पगार आणि आस्थापना खर्च सोडून. खांब, पेटी, बॅटरी, अर्थिंग यांवर अबंधित रक्कम घालायची तर काम पंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं हवं. केबल मात्र स्वतः विकत घेऊन टाकू नका. ती कुणाच्या मालकीची आणि तुटल्यावर कोण जोडणार, हा घोळ कायमचा पंचायतीच्या गळ्यात पडतो.

जोडकाम_फोंडा
साठ घरांचा हिशोब. जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीच्या) बी-प्लस प्रकारात एक्स्चेंजपासून घरातल्या यंत्रापर्यंत एकूण २८ डीबी (प्रकाश किती क्षीण झाला त्याचं माप) घट चालते. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.३५ डीबी धरा: १८ किलोमीटरचे ६.३. चार फाट्यांच्या स्प्लिटरचे ७.२. दर दोन किलोमीटरला केबलचा ड्रम संपतो, म्हणजे नऊ जोड, प्रत्येकी ०.१, ते ०.९. चार कनेक्टर, अर्ध्या डीबीने २. पंचायत घरापर्यंत १६.४ झाले. जुनेपणा आणि दुरुस्तीच्या जोडांसाठी ३ राखून ठेवले तर हातात ८.६ उरतात. वाड्यापर्यंतच्या ३ किलोमीटरला १.०५ आणि आणखी एका चार फाट्यांच्या स्प्लिटरला ७.२ लावले की ८.२५, म्हणजे जेमतेम बसतं. आठ फाट्यांचा (१०.५) बसत नाही. चार घरं होतील, साठ होणार नाहीत. त्यामुळे मागणी ‘केबल वाढवा’ अशी नको. पंचायत घरात ओएलटी (एरवी एक्स्चेंजमध्ये असतं ते प्रकाश पाठवणारं मुख्य यंत्र) बसवून तिथून नवी सुरुवात करा, अशी हवी. रिंगचा राउटर पंचायतीत आला की ओएलटीला वरची जोडणी तिथेच मिळते. मग ३ किलोमीटरला बत्तीस फाटे (सुमारे १७ डीबी) आरामात बसतात, दोन पोर्टवर दोन्ही वाडे.

पावसातल्या लाल दिव्याचं कारण अंदाजाने ठरवू नका. पॉवर मीटरने (येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राने) पंचायत घरातलं वाचन घ्या. वरच्या हिशोबाने ते उणे १२ ते १४ डीबीएमच्या आसपास हवं (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). उणे २७ ला बी-प्लस यंत्राची हद्द संपते. मे महिन्यात उणे १४ आणि जुलैत उणे २६ दिसलं तर वाटेत कुठल्या तरी जोडपेटीत पाणी शिरतंय. ओटीडीआर (केबलमध्ये घट नेमकी कुठे होते ते दाखवणारं यंत्र) लावायला सांगा, लाईन चालू असेल तर फिल्टरसह १६२५ नॅनोमीटरवर. बंद असेल तर १३१० आणि १५५० दोन्हीवर. एकाच ठिकाणी १५५० ला घट जास्त दिसली तर केबल वाकलेली किंवा दबलेली आहे, दोन्हीला सारखी दिसली तर जोड किंवा कनेक्टर खराब.

पेटी उघडून एकदा कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा म्हणजे तिरका घासलेला, निळा म्हणजे सरळ. हिरवा निळ्यात खुपसला तर बसतो, दिवाही लागतो, पण तिथल्या तिथे तीन-चार डीबी जातात आणि पावसाच्या दिवसांत तेवढेच कमी पडतात.

विजेचंही बघा. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. पाईपभोवती कोळसा-मीठ भरलं तरी एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो, रोध वाढतो आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात यंत्राचा अडॅप्टर जळतो. रोध ५ ओहमच्या आत आहे का ते मे अखेर मोजा, खड्ड्यात पाणी घाला, सर्ज प्रोटेक्टर बसवा.

सत्तरीकर
ओएलटीचा मुद्दा लक्षात आला. वाड्यांपर्यंत जमिनीखालून न्यायचं की वीज खात्याच्या खांबांवरून? आणि पंचायतीने ना हरकत दाखल्याचे पैसे घ्यावेत का?

नियमवाचक
साबांखाच्या रस्त्याकडेने खोदायचं असेल तर अर्ज काम करणाऱ्या यंत्रणेनेच करायचा, गतिशक्ती संचार पोर्टलवरून (केबलच्या परवानग्यांच्या सरकारी संकेतस्थळावरून). २०१६ च्या नियमांत भूमिगत केबलला प्रशासकीय शुल्काची मर्यादा किलोमीटरमागे १,००० रुपये होती आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा. २०२४ चे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यातही मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. पंचायतीने दाखला अडवून धरला तर नुकसान आपल्याच वाड्याचं. घरपट्टीचा विचारही नको. २०२३ च्या कायद्याने दूरसंचार जाळं त्या जागेच्या मालमत्तेचा भाग धरलं जात नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. वाट म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून जात असेल तर वन खात्याची परवानगी वेगळी आणि वेळखाऊ. अशा तुकड्यात असलेल्या खांबांवरूनच जा.

जोडकाम_फोंडा
खांबांवरून नेलं तर धातू नसलेली, स्वतःचा भार पेलणारी केबल हवी. साधी ड्रॉप केबल (खांबावरून घरात नेतात ती) नको. आणि माडाला बांधू देऊ नका. वाऱ्यात माड हलतो, झावळ पडली की केबल खाली येते, आणि घरमालक ती उचलून गाठ मारतो. गाठ मारली की फायबर आत मोडलंच.

खोदायचं असेल तर नेहमीच्या मातीत खोली १६५ सेंटीमीटर. चिऱ्याचा थर लागला की ठेकेदार ६०-७० वर थांबतो. कमी खोली चालते, पण तिथे डक्टवर (केबलच्या नळीवर) लोखंडी पाईप किंवा काँक्रीटचं आवरण घालावंच लागतं. ते टाळलं की पुढच्या पाण्याच्या पाईपलाईनच्या खोदाईत केबल जाते. चर बुजवण्याआधी पंचायतीच्या माणसाने दर शंभर मीटरला टेप लावून फोटो काढावा, टेपवरचा आकडा दिसेल असा, आणि मोजमाप वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. काम ऑक्टोबर संपता संपता सुरू झालं तर मेपर्यंत पुरं होतं. एप्रिलमध्ये चर उघडला तर पहिल्या पावसाचं पाणी डक्टमध्ये भरणार, म्हणून डक्टची दोन्ही तोंडं त्याच दिवशी टोपण लावून बंद करायला सांगा.