शब्दचर्चा: शाळेच्या बोधचिन्हातलं 'आयएचएस' आणि 'पॅट्रन सेंट'

प्रश्न: जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळेच्या स्मरणिकेत बोधचिन्हाचा अर्थ मराठीत द्यायचा आहे. मधल्या 'आयएचएस'चं पूर्ण रूप काय? आणि 'पॅट्रन सेंट'ला, म्हणजे शाळा ज्या संताच्या आश्रयाखाली मानली जाते त्याला, 'कुलदैवत' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: पूर्ण रूप नाहीच, कारण ती वेगवेगळ्या शब्दांची आद्याक्षरं नव्हेत. येशूचं ग्रीक नाव 'इएसूस'. त्यातली पहिली तीन अक्षरं इओटा, ईटा, सिग्मा. मोठ्या लिपीतला ईटा हुबेहूब रोमन एचसारखा दिसतो, पण इथे उच्चार 'ए'. 'येशू, मानवांचा तारणारा' हे लॅटिन विवरण मागाहून जोडलेलं आहे. अर्थ सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून छापू नका. कुठे शेवटी एसऐवजी सी दिसला तर तीही चूक नव्हे. सिग्मा चंद्रकोरीसारखा काढायची पद्धत होती.

चिन्ह बिघडतं ते आडव्या रेघेपाशी. हस्तलिखितांत पवित्र नाव आखडून लिहिलं की वर रेघ ओढत. लहान लिपीत ती एचच्या उंच दांड्याला छेदून गेली आणि क्रूस तयार झाला. बिल्ल्यासाठी चित्र बारीक करताना रेघ गळाली की क्रूसच जातो. खालचे तीन खिळे म्हणजे येशूला क्रूसावर ठोकल्याचे: हातांचे दोन आणि दोन्ही पायांना मिळून एक. ते बाण किंवा लेखण्या समजून रंगवू नयेत. भोवतीचे किरण जेझुइट संघाच्या स्थापनेपूर्वीचे, सिएनाच्या संत बर्नार्डिनो (१३८०–१४४४) यांनी लोकांत रुजवलेले.

भर: खाली 'एएमडीजी' असेल तर ती मात्र खरोखर आद्याक्षरं, लॅटिन ब्रीदवाक्याची: 'आद मायोरेम देई ग्लोरियाम'. याचं 'महान देवाच्या गौरवासाठी' हे भाषांतर चुकीचं. 'मायोरेम' हे 'ग्लोरियाम'चं विशेषण आहे, देवाचं नव्हे, आणि ते तुलनावाचक आहे. 'देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी' म्हणा. त्या 'अधिक'मध्येच ब्रीदवाक्याचा जीव आहे.

'पॅट्रन'बद्दल: 'कुलदैवत' नको. कॅथलिक श्रद्धेत आराधना फक्त देवाची. संतांना वंदन करतात आणि आपल्यासाठी देवाकडे विनंती करा, असं सांगतात. दैवत म्हटलं की हा फरकच पुसला जातो. 'पालक संत' शब्दशः जवळचा, कारण लॅटिन 'पात्रोनुस'च्या मुळाशी 'पिता' आहे. पण शाळेत 'पालक' म्हणजे आई-वडील, त्यामुळे गोंधळ होतो. 'आश्रयदाते संत' घ्यावा. त्याला देणगीदाराचा थोडा वास आहे, तरी 'संत' जोडलं की निभावतं.

संस्थापक आणि आश्रयदाते संत एकच असतात असंही धरू नका. डॉन बॉस्को या कॅथलिक धर्मगुरूंनी १८५९ साली स्थापलेल्या धर्मसंघाला संत फ्रान्सिस द सेल्स यांचं नाव दिलं, म्हणून तो 'सलेशियन'.

तारखेचं: संतांच्या सणाला 'जयंती' लिहिलेलं आढळतं. सण बहुधा मृत्यूच्या दिवशी असतो, कारण चर्च त्याला स्वर्गातला जन्म मानतं. संत झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले, सणही ३ डिसेंबरलाच. तरी 'पुण्यतिथी'तली शोकाची छटा इथे बसत नाही. सरळ 'सण' लिहावं. नियमाला अपवाद आहेत: फ्रान्सिस द सेल्स २८ डिसेंबर १६२२ रोजी गेले, सण २४ जानेवारीला. त्यामुळे सणाच्या तारखेवरून मृत्यूची तारीख काढून छापू नये.