कूलर चालू केला की सिग्नलची वाट लागते, ॲक्टिव्ह इलेक्ट्रोड घेऊ का?

फायनलवाला_नागपूर:
भाऊ लोक, मूठ आवळली की छोटी मोटर फिरली पाहिजे एवढाच माझा प्रोजेक्ट आहे. हाताला ईसीजीचे पॅच (तेच इलेक्ट्रोड), तिथून हातभर वायर, मग आयएनए१२८ चा ॲम्प्लिफायर. रात्री बरं चालते पण दुपारी कूलर लावला की स्क्रीनवर नुसती झाडी, मूठ आवळली का सोडली काहीच कळत नाही. एक जण म्हणून राहिला की इलेक्ट्रोडमध्येच सर्किट असलेले, म्हणजे ॲक्टिव्ह, घे. पैसे वाया तर नाही जाणार ना?

सोल्डरकाका:
तो घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम आहे राजा. चामडीवरचा ईएमजी (स्नायूंचा विजेचा सिग्नल) म्हणजे फार तर दोन-चार मिलिव्होल्ट, त्यात पॅच सुकलेला असला की कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स चिक्कार वाढतो आणि मग तुझी ती हातभर वायर म्हणजे अँटेनाच. ॲक्टिव्हमध्ये पॅचच्या टिचबटणाच्या डोक्यावरच ऑपॲम्प (ॲम्प्लिफायरची छोटी चिप) बसवलेला असतो, बहुतेक वेळा गेन फक्त १, म्हणजे सिग्नल मोठा होत नाही, पण पुढे वायरमध्ये तो दणकट सोर्समधून जातो म्हणून बाहेरचा हम त्याला फारसा हलवू शकत नाही. घरीच बनव ना, टीएल०७२ ऑपॲम्प बर्डीच्या बाजारात मिळून जाईल, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते.

बायोमेडवाली:
काकांचं बरोबर, पण आधी फुकटचे उपाय कर. केस काढ, स्पिरिटने पूस, नवीन पॅच लाव, वायरींना पीळ दे, रेफरन्सचा पॅच कोपराच्या हाडावर. नागपूरच्या मे महिन्यात घामाने पॅच सरकला तर ॲक्टिव्ह काय नि साधा काय, दोघंही सारखेच नाचतात. आणि ५० हर्ट्झ कापणाऱ्या नॉच फिल्टरच्या भरवशावर राहू नकोस, ईएमजीचा बराचसा माल ५० ते १५० हर्ट्झमध्येच असतो, हमसोबत तोही कापला जाईल.
हो, आणि अंगाला पॅच लागलेले असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेलाच पाहिजे. हे नॉइजसाठी नाही, जिवासाठी सांगते.

फायनलवाला_नागपूर:
ताई, चार्जर लावूनच बसलो होतो 🙈 काढला तर अर्धी झाडी तिथेच गेली. पॅचचं पाकीट दिवाळीपासून उघडं पडलेलं, जेल पार पापडासारखं. नवीन लावल्यावर मूठ दिसते, पण कूलर फुल केला की अजून थोडं थरथरते, म्हणून उद्या टीएल०७२ आणतोच. काका, ऑपॲम्पच्या पायात आणि टिचबटणात किती अंतर चालेल?

सोल्डरकाका:
अंतर ठेवूच नको, बटणाच्या पाठीवरच सोल्डर कर. पण पॅच आधी काढून ठेव बाप्पा, नाहीतर वितळवशील.