स्ट्रॅटसाठी ९ च्या तारा ठेवू की १० च्या?

धरमपेठवाला:
भाऊ लोकं, स्ट्रॅट टाईप इलेक्ट्रिक गिटार आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, सध्या ९-४२ (सगळ्यात पातळ अन् सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) चढवल्या आहेत पण जोरात स्ट्रम केलं की खडखड होते अन् आवाज पातळ वाटते. ब्लूज वाजवायचं आहे. १०-४६ घेऊ का? अन् निकेल प्लेटेड (स्टीलवर निकेलचा मुलामा), प्युअर निकेल यात खरंच फरक पडते का? वरून आपला नागपूरचा उन्हाळा, घामानं तारा लवकरच काळ्या पडतात.

बर्डीचा_बेंडर:
हाव, १० घे. त्याच ट्यूनिंगला जाड तारेत ताण जास्त, म्हणून पिकच्या (तार छेडायच्या चपट्या पट्टीच्या) मारानं ती कमी हलते. बेंडला (बोटानं तार ओढून सूर चढवायला) जोर लागेल, पण हात बसते. ट्रेमोलो ब्रिज (तारा अडकवायचा, दांडीनं हलणारा भाग) असेल तर तो वर उचलला जाईल, मागचे स्प्रिंगचे स्क्रू थोडे आवळ, मग ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) पाहा.

जुना_वादक:
जाड म्हणजेच भारी टोन असं नाही हं. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन १३ च्या तारा अर्धा सूर उतरवून वाजवायचा, झेडझेड टॉप बँडचा गिटारवादक बिली गिबन्स ७ वर वाजवतो, दोघांचाही टोन भरलेला. प्युअर निकेल जरा उबदार, प्लेटेड जास्त चमकदार. पण हा फरक गुंडाळलेल्या (वरून बारीक तार वेटोळलेल्या) जाड तारांचा, खालच्या तीन पातळ तारा बहुतेक सगळ्या सेटमध्ये साध्या स्टीलच्याच असतात.

घामासाठी कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारा घे, महाग पडतात पण टिकतात. काहींना त्या बोटाला गुळगुळीत लागतात, मला तर आवडतात. अन् वाजवून झालं की प्रत्येक तार खालूनही पुस, घाम तिथंच साचते.